डोमाजी आणि माझा तो मित्र

जरीपटका वस्तीतल्या दवाखान्यातला डोमाजी कंपाउंडर पुरुषांची गुपितं बाकड्यावरच्या सगळ्या रोग्यांसमोर विचारायचा. कोणी कानाशी येऊन "एका मित्रासाठी ताकदीची गोळी पाहिजे होती" असं पुटपुटलं, की डोमाजी गरजायचा, "मित्राची लघवी घेऊन ये गा, बाटलीत!"

अख्ख्या जरीपटक्यात ही अडचण स्वतःला असलेला एकही पुरुष नव्हता. सगळ्यांच्या मित्रांना होती.

मीही गेलो. शाळामास्तर, वय बेचाळीस. सहा महिने बायकोजवळ काही जमत नव्हतं आणि मी रोज नवी सबब सांगून तिला टाळत होतो. शेवटी तिनं शांतपणे विचारलं, "दुसरी कोणी आहे का?" आणि माहेरी, पारशिवनीला जायला ट्रंक काढली.

"माझा एक मित्र..." मी सुरुवात केली.

"कोणता विषय शिकवते तुमचा मित्र?"

बाकडं खदखदलं. मी मुकाट्यानं बाटली आणली.

डोमाजीनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, माझे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, मग भाजलेल्या विटेसारखं लाल! दिवाळीची आतषबाजी पुष्कळ पाहिली होती. स्वतःच्या पोटातून निघालेली पहिल्यांदाच पाहिली.

"साखर हाय, मास्तर. मर्दानगी कुठी गेली नाही. साखरेनं नसा खराब होतात, रक्त पोचत नाही, मंग कसं होईन? कोणाले बीपी, कोणाले बिडी, कोणाले दारू, कोणाले नुसती काळजी. अन् सारे मले गोळी मागून राहिले!"

मी थक्क. सातवी शिकलेल्या माणसानं मला माझं शरीर धड्यासारखं समजावलं होतं.

"आता डॉक्टरले दाखवा. अन् उद्या वहिनीले आणा."

"तिला कशाला?"

"कशाले म्हंजे? ती सोतालेच दोष देऊन राहिली असन."

दुसऱ्या दिवशी त्यानं बाकडं रिकामं केलं, दार लोटलं आणि खाली मान घालून हिला सगळं सांगितलं. तो गरजणारा आवाज कुठे गेला, कोण जाणे. ही रडली, मग हसली. "मी तर सवत शोधत होते!"

डोमाजी हसला नाही. "मलेबी हेच होतं, पण माह्या वेळी मले कोणी सांगतलं नाही, वहिनी. लेकरू झालं नाही, तं मी बायकोलेच वांझ म्हटलं. माहेरी निघून गेली. आजार हाय म्हणून सांगतलं असतं, तं माफ केलं असतं का तिनं?"

"आजाराला कसली माफी, भाऊ? त्या शब्दाची मागा. अजूनही मागा."

डोमाजी भिंतीकडे वळला.

"तिचा पत्ता पाठ हाय मले," तो म्हणाला. "पंधरा वर्सं झाले."