नको असलेला फोन

लोकांना नको असलेले फोन बंद करणारा नियम मी लिहिला आहे! दूरसंचार नियामकाच्या कचेरीत वीस वर्षं वकिली केली, त्या नियमात एकही पळवाट ठेवली नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो.

अशा माणसाच्या घरी रोज दुपारी चारला विमा विकणाऱ्या मुलीचा फोन यावा? फोन सासूबाईंना यायचा. त्या आमच्याकडेच राहतात. एका सुट्टीच्या दिवशी हा प्रकार माझ्या कानावर पडला. त्या आंघोळीला गेल्यावर मी त्यांचा मोबाईल घेतला आणि त्यांचा नंबर 'फोन नकोत' यादीत टाकून मोकळा झालो.

त्यानंतर सासूबाई गप्पगप्प राहू लागल्या. चार वाजले की मोबाईल मांडीवर घेऊन बसायच्या म्हणे. मी कचेरीतून रोज एक वाजता "औषध घेतलंत? बरं, ठेवतो" एवढा फोन करतो, त्यालाही नुसतं "हं" म्हणायच्या. बायको म्हणाली, "आईला डॉक्टरांकडे नेऊ या."

दहाव्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलावर एक तक्रार आली. 'माझ्या संमतीशिवाय माझी संमती काढून घेण्यात आली.' इतकं नेमकं वाक्य मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. खाली सही सासूबाईंची. यादीत नाव ग्राहकाने स्वतःच घालायचं, हे कलम चार त्यांना कुठून कळलं? जेवताना मीच वाचून दाखवायचो.

सुनावणीला आम्ही एकाच गाडीतून गेलो.

"आई, घरातच मिटवलं असतं."

"जावईबापू, सुनावणीआधी दोन्ही पक्षांनी बोलायचं नसतं. कलम सहा."

सुनावणी घेणाऱ्या आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "आजी, विम्याचे फोन तुम्हाला खरंच हवेत?"

"विमा नको, ती मुलगी हवी. गुडघा कसा आहे विचारते आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबते. तिची नवी खोली गळत होती. पुढे काय झालं, मला कळलंच नाही हो."

मला फार वाईट वाटलं. उठून चूक कबूल केली. साहेबांनी त्यांचा नंबर यादीतून काढला आणि विचारलं, "आणखी काही?"

"हो. नको असलेला फोन एकच आहे. रोज एक वाजता येतो, अकरा सेकंदांचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोणता फोन नको ते ग्राहकच ठरवेल, हे कलम दोन. शब्द माझेच. तिथल्या तिथे मी पळवाट शोधली, पण चोख काम केलं होतं हो मी!

आता चार वाजता घरात हसणं ऐकू येतं म्हणे. त्यांच्या मोबाईलवर माझा नंबर मात्र बंद आहे. तो सुरू व्हावा म्हणून मी रीतसर अर्ज केला, 'किमान दहा मिनिटं बोलेन' असं लिहून, आणि चहाच्या कपाबरोबर सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सात दिवसांत कळवते," म्हणाल्या.

मुदतही मीच घातलेली.