मागल्या दोन स्प्रिंगांची आणि विसाजीपंत तबलजींची हकीगत

श्रीहरि सकळ श्रोतयांचे कान नामघोषें भरलेले राखो आणि लिहिणाराचे हातून सत्यच उतरवो. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, त्या सालीं वर्तमान घडलें तें ऐसें.

एके राज्यीं राजश्री मोरेश्वरबुवा कीर्तनकार राज्य करीत होते. राज्यास भूमी नाहीं, कोट नाहीं. जेथें नारदाची गादी घातली तेथें सिंहासन, आणि गळां हार पडला कीं राज्याभिषेक. फौज दोघांची. एक नरहरपंत पेटीवाले, तेच सारथी, जिव्हेचे तिखट. दुसरे विसाजीपंत तबलजी, देहें स्थूल, मनें लोणी, एकतीस वर्षें बुवांचे डावे हातास बसत आले. आणि रथ म्हणजे एक पांढरी मोटार, तेवीस वर्षांची, ती गांवोगांव कीर्तनास नेई. मागल्या आसनीं उजवीकडे बुवा, डावीकडे विसाजीपंत, ही बैठक कधीं मोडली नाहीं. वाटेनें बुवांनीं पद गुणगुणावें आणि विसाजीपंतांनीं मांडीवर ठेका धरावा, ऐसें सुख त्या रथीं होतें.

मग श्रावणमासीं रथ मागून बसूं लागला, आणि खड्डा आला कीं खालून धप्प ऐसा नाद उठूं लागला. आतां दुसरा कोणी असता तर मिस्त्रीकडे जाता. परंतु ही मंडळी लय-तालाची. नाद ऐकिला कीं तो वाद्याचाच वाटावयाचा. नरहरपंत बोलिले, "अण्णा, तुमचा डग्गा सुटलाय डिकीत. ऐका, वाजतोय." विसाजीपंत ओशाळे जाहले आणि डग्गा गोधडींत बांधिला. नाद राहिला. मग दुसरी गोधडी बांधिली, तरी राहिला. मग डग्गा पुढ्यांत घेऊन बसले, तरी धप्प होतच होतें. तेव्हां नरहरपंत आरशांतून पाहून म्हणाले, "आता डिकी रिकामी. म्हणजे राहिलात ते तुम्हीच, अण्णा!" आणि तिघेही पोट धरून हांसले. विसाजीपंत सर्वांत मोठ्यानें हांसले.

भाद्रपदीं एके गांवीं गणेशोत्सवाचें कीर्तन होतें. सभा दाट भरली. पूर्वरंगीं बुवांस लहर आली आणि भर सभेंत बोलिले, "देवाचं वजन उंदीर सोसतो, आमच्या अण्णांचं वजन मोटारीलाही सोसत नाही!" सभा खदखदली. विसाजीपंतांनीं मान डोलावली आणि नेमक्या जागीं डग्ग्यावर थाप मारिली, तेणें हांसें द्विगुणित जाहलें. बुवांचें लक्ष सभेकडे होतें. विसाजीपंतांचे मुखाकडे कोणी पाहिलें नाहीं.

दुसरे दिवशीं निघतेसमयीं विसाजीपंत तबलाडग्ग्याची पिशवी घेऊन रथापासून चार हात दूर उभे राहिले आणि म्हणाले, "बुवा, मी येतो एसटीनं. सोयीची गाडी आहे मला." बुवांनीं दार धरून म्हणावयाचें होतें कीं बसा हो अण्णा मुकाट्यानें. तें न म्हणतां बोलिले, "बरं. सांभाळून या." एवढें बोलणें बुवांस पुढें जन्मभर पुरलें.

तेथून पुढें प्रत्येक कीर्तनास विसाजीपंत एसटीनें येत, वेळेआधीं येत, आणि तबला लावून बसत. नवरात्रांत दिसों आलें कीं अंगरखा सैल जाहला. नरहरपंत बोलिले, "वा अण्णा! कुठल्या वैद्याचं?" तेव्हां लाजून म्हणाले, "रात्रीचं जेवण सोडलंय. बघू, देव यश देतो का." कार्तिकीं आणिक वाळले. मार्गशीर्षीं निरोप आला कीं जरा कणकण आहे, एवढीं कीर्तनें दुसऱ्याकडून भागवावीं. तैसें भागविलें. आणि नवल ऐसें कीं विसाजीपंत रथांत नाहींत, डग्गा नाहीं, तरी रथ तैसाच बसलेला आणि धप्प तैसेंच. परंतु त्याचा अर्थ कोणी काढिला नाहीं.

मग माघमासीं वाटेंत मागलें चाक वरच्या पत्र्यास घासूं लागलें, रबराचा वास सुटला, आणि रथ ढकलीत उस्मान मिस्त्री यांचे गॅरेजांत आणिला. मिस्त्री वृद्ध, चष्मा दोऱ्यानें बांधिलेला. त्यांनीं जॅक लावून रथ उचलिला, खालीं टेकूच्या लोखंडी घोड्या दिधल्या, चाकें काढिलीं, शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट तेल सोडून मोकळे केले, आणि मागला आंस हळूं हळूं खालीं उतरविला. तों डावी स्प्रिंग आपोआप निसटून त्यांचे हातीं आली. पोलादाचें वेटोळें, खालचा वेढा मोडून गेलेला. मग उजवी काढिली, तीही तैशीच. बुवा स्टुलावर बसले होते. त्यांनीं सहज म्हटलें, "आमचे एक गृहस्थ वजनदार होते हो. त्यांच्यानं झालं हे."

मिस्त्रींनीं मोड बुवांचे पुढें धरिली. "हात लावा, महाराज. ताजी मोड चकाकते. ही बघा, काळीतांबडी पडलीय गंजून. चीर जुनी आहे, वर्षं झाली हिला. वरचा रंग उडाला, पाणी बसलं, गंजानं खाल्ली, मग एखाद्या खड्ड्यात गेली. माणसाच्या वजनाचं काय घेऊन बसलात? माणसं बसवायलाच केलेली असते ती. तुमचे गृहस्थ नसते, तरी मोडलीच असती."

बुवांनीं त्या मोडीवरून बोट फिरविलें. बोट तांबडें जाहलें. नरहरपंतांनीं मान खालीं घातली. मिस्त्रींनीं दोन्ही बाजूंस नव्या स्प्रिंगा बसविल्या, वर-खालीं रबरें नवीं घातलीं, बोल्ट आवळले आणि रथ भुईवर सोडिला. तो ताठ उभा राहिला. बुवा म्हणाले, "नरहरपंत, आजचं कीर्तन रहित. गाडी अण्णांच्या गावाला घ्या."

दोनप्रहरीं तेथें पोंचले. दारीं सगुणाबाई, विसाजीपंतांचें कुटुंब, उभी होती. ती एवढेंच बोलली, "आलात का. बरं केलंत." आंत खाटेवर कोण आहे हें बुवांस प्रथम ओळखूं येईना. विसाजीपंतांनीं हात जोडिले आणि हर्षें बोलिले, "बुवा, पाहिलंत? किती उतरलो! आता बसेन ना मी गाडीत?" बाई पदर मुखास लावून म्हणाली, "उपासानं उतरले असंच धरून बसले हो. आतून दुखणं खात होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, थांब, थोडंच राहिलंय."

बुवा खाटेपाशीं भुईवर बसले. म्हणाले, "अण्णा, स्प्रिंग मोडलेली होती. दोन्ही. कधीपासूनच. तुमचं काही नव्हतं." विसाजीपंतांचें मुख ऐसें उजळलें कीं जैसा खून माफ जाहला. म्हणाले, "म्हणजे माझा डग्गा वाजत नव्हता?" "नव्हता हो." "तरी मी म्हणत होतो, दोन गोधड्यांतून कसा वाजेल!" आणि हांसले, आणि नरहरपंत, तिखट जिव्हेचे, भिंतीकडे तोंड करून रडले.

मग विसाजीपंतांनीं हट्ट धरिला कीं आतांच बसावयाचें. बुवांनीं त्यांस आपले दोन्ही हातीं उचलून नेलें आणि डावीकडे, त्यांचे जागीं, बसविलें. बुवांचें वय चौऱ्याहत्तर. आणि त्यांस श्रम पडले नाहींत. रथ तसूभरही खालीं गेला नाहीं. विसाजीपंत म्हणाले, "बघा, बसली नाही!" नरहरपंत म्हणाले, "नव्या स्प्रिंगा आहेत, अण्णा." परंतु ज्यानें उचलून आणिलें होतें त्यास स्प्रिंगांचा हवाला नको होता. गांवाबाहेर देवळापर्यंत गेले आणि आले. वाटेंत बुवांनीं पद धरिलें आणि विसाजीपंतांनीं मांडीवर ठेका दिधला. सम चुकली नाहीं. खड्डे बहुत होते. नाद एकही जाहला नाहीं.

फाल्गुन वद्य पंचमीस विसाजीपंत हरिपदीं लीन जाहले. पुढें बुवांनीं प्रत्येक कीर्तनीं, पूर्वरंगाआधीं, आपली ती भर सभेंतली थट्टा आणि ती मोड सभेस सांगितली, आणि हार गळां पडला कीं तो काढून रथाचे डावे आसनीं ठेविला. रथ आजही चालतो, आणि समतोल चालतो. नरहरपंतांनीं एकदां त्याची वाखाणणी केली, तेव्हां बुवा रिकाम्या बाजूकडे पाहून म्हणाले, "थोडी झुकली असती तर बरं वाटलं असतं."

ऐसी ही हकीगत. रथ मोडला, तो दोन स्प्रिंगांनीं दुरुस्त जाहला. देव सर्वांस क्षमा करो. लिहिणारानें गणेशोत्सवाचे त्या सभेंत बसून हांसणारांत आपलाही आवाज मिळविला होता, म्हणोन हें लिहून ठेविलें.