वाळकाचं लॉकेट

"ताई, कडा घाईनं बुजवू नका. फट ऱ्हायली की पानी आत शिरतंय. आन पानी शिरलं की आतलं काय गप बसत न्हाय," असं दत्तोबांनी वृषालीला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

दत्तोबांचं वडगाव निंबाळकरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रेडिओ कधीच गेले, पाटी तेवढी राहिली, आणि पाटीखाली आता मोटारींचे स्टार्टर आणि मोबाइलचे चार्जर येऊन पडत. पण सोल्डरिंगला असा हात आसपास कुणाचा नव्हता, म्हणून वृषाली त्यांच्याकडे शिकायला गेली होती. दोन काचांच्या मध्ये काहीतरी सुंदर ठेवायचं, कडेनं तांब्याची चिकटपट्टी लावायची, पट्टीवर सोल्डरचा रस फिरवायचा, वर एक कडी जोडायची, की झालं लॉकेट.

"काका, हा दागिना आहे, रेडिओ नाही," वृषाली हसून म्हणाली होती. "हे घालून कोण विहिरीत उडी मारणार आहे?"

"विहिरीचं ऱ्हाऊ द्या. रोजच्या अंघुळीचं काय?"

"अंघोळीला काढून ठेवतात की."

दत्तोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "माज्या आईनं गळ्यातलं कवा काढल्यालं मी तरी बघितलं न्हाय," ते म्हणाले आणि पुन्हा चार्जरकडे वळले.

खरं म्हणजे काळजी करण्यात वृषालीचा हात कुणी धरला नसता. गोळीपेंडीची पोती ठेवायची खोली रिकामी करून तिनं तिथं आपला स्टुडिओ थाटला होता. सोल्डर बिनशिशाचं, खिडकी सताड उघडी, काम झालं की कपडे बदलायचे, हात दोनदा धुवायचे. काचेचे तुकडे मोजून आत न्यायचे, मोजून बाहेर आणायचे. एकदा एक तुकडा कमी भरला, तेव्हा तिनं अडीच वर्षांच्या लेकीला, श्रेयाला, उलटं धरून झटकलं होतं. तुकडा शेवटी तिच्या स्वतःच्याच चपलेच्या तळाला निघाला. म्हणजे खोलीतलं काही बाहेर जाऊ नये याची तिला फार काळजी. लॉकेटच्या बाहेरचं आत काय जाईल, हा विचार तिनं दत्तोबांवर सोपवला आणि ती मोकळी झाली.

सासूला, म्हणजे सिंधुबाईंना, ती इकडच्या रीतीनं आत्या म्हणायची. आत्यांना आधी हे सगळं खूळ वाटायचं. "हिकडं काच, तिकडं काच. कासाराच्या घरात ऱ्हातोय का काय आपुन?" पण शेजारची झुंबरकाकू येऊन कानातले घेऊन गेली, दोन बायकांना दाखवून आली, आणि आत्यांचा सूर बदलला. त्यांनी माजघरातल्या फळीकडे बोट केलं. "त्या फळीवरचं सगळं तुजं. माज्या काय कामाचं आता?"

फळीवर काय नव्हतं! जुनी बटणं, फुटक्या बांगड्या, विटलेल्या लुगड्यांचे काठ, आणि सगळ्यांच्या मागं गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात राख, राखेत चपट्या, निमुळत्या, दुधाळ रंगाच्या वीस बिया. वृषाली बारामतीच्या कॉलनीत वाढलेली, बी.एस्सी. झालेली. राख भांडी घासायला ठेवली असणार आणि बिया लाडवात घालायला वाळवून विसरल्या असणार, असं तिनं शास्त्रीय अनुमान काढलं. राखेनं तिनं कढई घासली. बिया धुऊन पंख्याखाली वाळवल्या आणि काचेवर गोल मांडल्या: पाच बिया पाकळ्यांसारख्या, मधोमध लाल बांगडीचा ठिपका. असं मोगऱ्याचं फूल दिसलं की तिचं तिलाच खरं वाटेना.

चार लॉकेट झाली. बचत गटाच्या प्रदर्शनात पहिलं नेलं भिगवणच्या सोनमनं. दुसरं शाळेतल्या राजलक्ष्मी मॅडमच्या नवऱ्यानं मॅडमसाठी. तिसरं कडेवर बाळ घेतलेल्या एका बाईनं; तिला इंदापूरची एसटी गाठायची होती, तिचं नावही विचारायचं राहिलं. चौथं आत्यांनी आपल्या थोरल्या बहिणीसाठी न बघताच मागून घेतलं होतं. ते आणि तिसरं वृषालीनं एकाच दुपारी केलं, आणि ती दुपार श्रेयानं दाराबाहेर बसून रडण्यात घालवली. त्यामुळे त्या दोन लॉकेटांच्या कडांवरून सोल्डरिंगची गरम दांडी कशीबशी एकदाच फिरली. चौथं लॉकेट डबीत घालून तिच्या नवऱ्यानं, रणजितनं, मोटरसायकलवरून निमगाव केतकीला कुशामावशींकडे पोचवलं.

दोन आठवड्यांनी आत्यांनी विचारलं, "वृषाली, हितं गोळ्याचा डबा व्हता बघ. राखंचा."

"कशाला हवाय आत्या?"

"वाळकाचं बी हाय त्यात. मिरगाच्या आत टोकाय पायजे."

वृषालीच्या हातातली परात खाली आली. आवाज बराच झाला, पण आत्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि बोलायला लागल्या.

"आमच्या गावाला बाजरीत वाळकं असायची. खुरपायला गेलं की पानाखाली घावायची. गुडघ्यावर आपटून फोडायचं, मिठाचा खडा लावायचा. अक्का थोरली म्हणून तिला मोटी फोड, आन गर समदा मी चाटायची. मग धरान आलं. गाव उठलं. बाबांनी घराची चौकट उपटून गाडीत घातली, आन आईनं ह्ये बी पदराला बांधलं. चौकट वाळवीनं खाल्ली. बी ऱ्हायलं. मागल्या साली शेजारच्यानं उसावर तणनाशक मारलं, आपला वेल करपला. एकच वाळूक हाताला लागलं. त्यात भरल्याल्या बिया वीसच. मी मोजल्यात."

"वीस," वृषाली म्हणाली. पाच चोक वीस. तिनंही मोजल्या होत्या.

संध्याकाळी तिनं रणजितला गोठ्यात गाठलं.

"आईला सांग की सरळ," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"पण बिया तू चिकटवल्यात!" मग बायकोचा चेहरा बघून तो नरमला. "हे बघ, काकडीचं हायब्रीड बी आणतो. वाळूक काय, काकडी काय, भाऊभाऊच. पाकिटावर फोटोपण असतोय."

पाकीट आलं. बियांना औषधाचा गुलाबी रंग होता. वृषालीनं त्या कोमट पाण्यात चोळल्या, साबणानं धुतल्या, राखेत घोळल्या, डब्यात भरल्या आणि डबा फळीच्या मागं ढकलला. सकाळी आत्यांना तो "सापडला". आत्यांनी एक बी तळहातावर घेऊन उन्हात धरली.

"का गं, आमच्या वाळकाला लाज कशाची वाटाय लागली? गुलाबी झालंय."

"राखेमुळं असेल आत्या."

"आसंल." त्यांनी बी पुन्हा डब्यात टाकली. "पर इतकं देखणं बी नगो बया पेरायला. वेलाला दिष्ट लागायची."

आता खऱ्या बिया परत आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. श्रेयाला झुंबरकाकूंकडे ठेवून वृषाली आधी भिगवणला गेली. सोनमच्या नवऱ्याचं तिथं हायवेला मच्छीचं हॉटेल. सोनम चिलापी तळत होती आणि लॉकेट गल्ल्यावरच्या खिळ्याला उदबत्तीशेजारी लटकत होतं.

"लई पायगुणाचं हाय ताई. लावल्यापास्नं गिऱ्हाइक थांबंना. मी न्हाय द्यायची."

दोन जोड कानातले, एक अंगठी आणि आग्रहानं खाल्लेली एक चिलापी, एवढ्यावर सौदा पटला. वृषाली माळकरी घरातली होती. ही गोष्ट घरी दुसरी लपवायची गोष्ट झाली.

राजलक्ष्मी मॅडम वडगावच्या शाळेत शिकवत. त्या ऐकेचनात. "लग्नाला सतरा वर्षं झाली. ह्यांनी आपणहून आणलेली ही पहिली वस्तू."

"मॅडम, लॉकेट तुमचंच राहील. मी फक्त आतल्या बिया बदलून देते."

"बिया?" मॅडमनी चष्मा नीट केला. "कसल्या बिया? ह्यांनी तर मला हस्तिदंताच्या पाकळ्या म्हणून सांगितलंय."

आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माणसानं पेपर आणखी वर धरला. वृषालीला लॉकेट लगेच मिळालं. त्या घरात पुढं काय बोलणं झालं ते ऐकायला ती थांबली नाही.

दोन्ही लॉकेट उघडून तिनं दहा बिया ओल्या फडक्यात बांधल्या. तीन दिवस झाले, चार झाले. मोड नाही. पाचव्या दिवशी ती फडकं घेऊन दत्तोबांकडे गेली. दत्तोबांनी आधी रिकाम्या लॉकेटची कड नखानं तपासली आणि खूश झाले.

"वा! काय गच्च काम केलंय ताई. पान्याच्या बाला आत शिरता यायचं न्हाय."

"अहो काका, बियांचं बघा!"

त्यांनी एक बी सोलली. आत तपकिरी. "भाजलीया. कड गच्च करायची म्हणजे ताप लई लागतोय. काम चांगलं झालं की बी मेलं." मग त्यांनी हळूच विचारलं, "एखादं काम बिघडवलंय का तुमी?"

आयुष्यात पहिल्यांदा वृषालीला आपलं काम बिघडलेलं असावं असं मनापासून वाटलं. आणि तिला श्रेया दाराबाहेर रडली ती दुपार आठवली.

दुसऱ्या दिवशी आत्या "जरा देवाला जाऊन येते" म्हणून सकाळीच बाहेर पडल्या. ही संधी साधून वृषाली श्रेयाला घेऊन निमगाव केतकीच्या गाडीत बसली. वाटभर तिनं वाक्यं जुळवली. मावशी, लॉकेटला पॉलिश करायचंय. मावशी, कडी सैल झाली असेल. मावशी, मला नुसतं बघू द्या.

कुशामावशींच्या दारात दोन चपलांचे जोड होते. त्यातला एक तिच्या ओळखीचा होता. अंगठ्याला खिळा मारलेला.

आत आत्या पाटावर बसल्या होत्या. समोर कुशामावशी, महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढलेल्या, डोळे लख्ख. गळ्यात लॉकेट. आणि लॉकेटच्या दोन काचांमध्ये पाणी शिरून धुकं धरलेलं, मोगऱ्याच्या दोन पाकळ्या उकललेल्या, आणि त्यांतून आलेले पांढरे मोड काचेवर वळणं घेत कडेची फट शोधत होते. एकाला हिरवा ठिपकाही आला होता.

"ये पोरी," कुशामावशी म्हणाल्या. "तुज्या दागिन्याला मोड आलं बघ."

वृषाली दारातच उभी राहिली. "मावशी, तुम्ही हे अंघोळीला काढत नाही?"

"गळ्यातलं कुनी काढतंय व्हय? रोज दोन तांबे पानी मिळालं, वर अंगाची ऊब. येनार न्हाय तर काय करल बिचारं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"डबी उघडली तवाच. डोळं नवं हायती माजं. आईच्या पदराच्या गाठीतलं बी मी वळखणार न्हाय? लगी सिंधीला फोन केला. म्हणलं, सिंधे, तुज्या सुनंनं आपलं गाव माज्या गळ्यात घातलंय."

वृषाली आत्यांकडे वळली. "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहिती होतं? मग डबा कशाला शोधत होतात? गुलाबी बिया उन्हात कशाला धरल्या?"

"तू कवा सांगतीस ते बघत व्हते," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी पदराची कड उगाच सारखी केली. "आन मी तरी कोन्च्या तोंडानं बोलू? फळीवरचं सगळं तुजं, आसं मीच म्हनले व्हते. डबा मागं हाय हे मलाच ध्यानात ऱ्हायलं न्हाय. चाळीस-पंचेचाळीस वरसं सांभाळलं, आन एका येळंला इसारले."

श्रेयानं तेवढ्यात मावशींच्या गळ्याकडे बोट केलं. "आजी, शाप."

"साप न्हाय गं, वाळूक हाय," मावशी म्हणाल्या आणि दोघी बहिणी एकदम हसायला लागल्या. हसता हसता आत्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढला.

"आत्या, काच! हात कापेल! श्रेया, मागं हो, आधी मागं हो!"

"तू हो मागं," आत्या म्हणाल्या. एका दाबात सोल्डरची कड उकलली. इतकं कच्चं काम दत्तोबांनी बघितलं असतं तर दुकान बंद केलं असतं.

दोन मोडांपैकी एक मावशींनी आपल्या मोरीच्या पाण्यावर लावला, दुसरा आत्यांनी ओल्या मातीसकट नारळाच्या करवंटीत घरी आणला. मावशींचा जगला नाही. घरचा स्टुडिओच्या खिडकीला चढला आहे, आणि पानाखाली अंगठ्याएवढं एक वाळूक धरलं आहे. आत्या ते दिवसातून चारदा बघतात. वृषाली पाच वेळा बघते. शेजारी उसावर फवारा निघाला की ती चादर घेऊन पळते. आणि माळकरी घरातल्या सुनेनं भिगवणला काय खाल्लं, हे या घरात अजून कुणी विचारलेलं नाही. कदाचित तेही ती कधी सांगते, याची कुणीतरी वाट बघत असेल.

राहिलं ते तिसरं लॉकेट. त्यासाठी वृषालीची तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही इंदापूरकडचे असाल किंवा त्या एसटीनं जात-येत असाल, तर जरा लक्ष ठेवा. बाई साधारण तिशीची, निळी साडी, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ, आणि ते बाळ सगळं तोंडात घालतं. दिसली तर आधी बाळाच्या हातातलं लॉकेट काढून घ्या. कडा कच्च्या आहेत, काच निसटेल, वृषालीला झोप लागत नाही. मग तिला विचारा, बरी आहेस का, आणि अंघोळीला ते काढून ठेवतेस का. ठेवत नसेल, तर काचेत नीट डोकावून बघा.