भानुदासअण्णांची संमती

शोकप्रस्तावावर चर्चा मागणारा माणूस मी आजवर एकच पाहिला : आमचे भानुदासअण्णा. सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले, तेव्हा अण्णा बसूनच म्हणाले, "मयत झाल्याची खातरजमा कुणी केली? परवा तर म्या त्यास्नी लोहाऱ्यात बगितलं."

माकणीच्या धरणाखाली आमची छोटी पाणीवापर संस्था आहे. मी तिचा सचिव, अण्णा संचालक. कालव्याची चारी साफ करायचा साधा ठराव आला तरी अण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "ह्येच्यात कुणाचं पाणी मुरतंय?" निम्मे लोक उगाचच दचकतात.

त्यातून ठराव उपसमितीचा असला तर विचारूच नका. त्याला वेगळा अनुमोदक लागत नाही, असं मी एकदा समजावून सांगायला गेलो.

"ठावं हाय. आत दोघं-तिघं कबूल झाली म्हणून लागत न्हाय. पर ती कबूल झालीच कशी? येरवी तर बांधावरनं भांडत्यात!"

संशय आम्हालाही यायचाच. हा माणूस प्रत्येक बैठक अशी ताणतो, म्हणजे अध्यक्षाच्या खुर्चीवर नजर असणार, अशी आमच्यात कुजबुज होती. मीही त्यात होतो.

गेल्या महिन्यात उपसमितीनं ठराव आणला : दरमहा बैठक नको, इतिवृत्त मी आधीच लिहून ठेवायचं आणि घरोघर फिरून सह्या आणायच्या. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं. अध्यक्षांनी ठराव वाचला आणि सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा उठले, पण चष्मा काही कपाळावर गेला नाही.

"अण्णा, तुमच्या तर सोयीचंच हाय," अध्यक्ष म्हणाले. "घरी यिऊन सही नेऊ."

"न्हेताल की, उंबऱ्यातनंच. बसणार कोण?" अण्णा म्हणाले. "म्हातारी गेल्यापसनं घरात बोलायला भिंती हायत्या. हितं तुमी निदान भांडता तरी."

मला त्यांच्याकडं बघवेना. अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "बरं बरं, ठराव मागं घेतला."

"तुमाला न्हाय घेता येत!" अण्णा लगेच कडाडले. "मांडला तवाच त्यो मंडळाचा झाला. आता समद्यांची संमती लागती. एकानं जरी न्हाय म्हटलं तर मतदान घ्या."

सुटलेला ठराव या गृहस्थानं स्वतःच पुन्हा गळ्यात अडकवून घेतला होता. मी कपाळावर हात मारला आणि म्हणालो, "ठराव मागं घ्यायला संमती असणाऱ्यांनी हात वर करा."

एकेक हात वर गेला. अण्णा प्रत्येकाच्या तोंडाकडं निरखून बघत होते, कुणी आपल्याला बनवतंय का म्हणून. उपसमितीच्या तिघांनीही हात वर केले होते.

खाली राहिले ते फक्त अण्णांचेच हात. त्या दोन्ही हातांनी पंचा धरून ते तोंड पुसत होते, आणि पुसणं काही केल्या संपत नव्हतं.