दोनच वडे, डोळे मिटून

माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे आणि त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (बायकोलाही सांगितलं होतं. तोवर ती मालाडच्या ‘सजगतेने खा’ अशा कुठल्याशा क्लासात माझं नाव घालून आली होती.)

“चार आठवडे, सुबोध,” अक्षता म्हणाली. “एक किलो जरी उतरवलास तरी रविवारचे कोंबडी-वडे चालू. नाहीतर बंद. कायमचे!”

पण मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, वडे खाऊनच किलो उतरवून दाखवतो!

क्लासातल्या क्षमा मॅडमचं म्हणणं असं, की घास तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, बत्तीस वेळा चावायचा आणि मग पोटाला विचारायचं, बाबा रे, अजून हवंय का? (माझं पोट आजवर कधी ‘नको’ म्हणालेलं नाही. पण विचारायला काय जातं?) मी ठरवलं, रविवारी फक्त दोन वडे, तेही असेच.

नेमक्या त्याच महिन्यात कुडाळहून सासूबाई बोरीवलीला आमच्याकडे राहायला आल्या. रविवारी अक्षता आत वडे तळत होती आणि सासूबाई माझ्याशेजारी वाढायला बसल्या. मी दोन वडे घेतले, डोळे मिटले, मन लावून चावलं. डोळे उघडले तर ताटात दोन वडे. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. दोनच! म्हणजे इतकी वर्षं मी घाई करत होतो म्हणून वडे संपत होते तर! सव्वा तासाने ताट एकदाचं रिकामं झालं तेव्हा मला जडजड, तृप्त वाटत होतं. क्षमा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “हीच ती शांती.”

चार रविवार अशा शांतीत गेले. मग मी सगळ्यांदेखत घरच्या काट्यावर चढलो. एकशे दोन.

“काटा बिघडलाय!” मी ओरडलो. “दरवेळी दोनच वडे खाल्लेत यार मी! विचार आईंना!”

“दोन?” सासूबाई दुखावल्याच. “चौदा खाल्ल्यानी! डोळे मिटान खातत म्हणजे चव लागली. त्यांनी डोळे मिटले की मी गरम वाढी. जावयाचा ताट रिकामा ठेवूचा नसता, बाय.”

“चौदा?” अक्षता किंचाळली. “अगं आई, मला वाटायचं तू खातेस!”

वडे तिथल्या तिथे बंद झाले. पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. तडक मालाड गाठलं आणि भर क्लासात क्षमा मॅडमना सुनावलं, “तुमची पद्धत साफ चूक आहे! हे बघा माझ्याकडे!”

मॅडमनी नीट बघितलं. हसून माझा एक फोटो काढला. पहिल्या दिवशीचा त्यांच्याकडे होताच.

आता क्लासाच्या दारावर माझे दोन मोठे फोटो लागलेत. परवा काढलेल्या फोटोखाली लिहिलंय ‘आधी’. आणि पहिल्या दिवशीच्या, अठ्ठ्याण्णव किलोच्या फोटोखाली ‘नंतर’.