राखणदार पाहिजे

एका जंगलात, पोरांनो, एक पाणवठा होता. हसू नका, जंगलात पाणवठा असतोच. तिथे बिबट्या आला की झाडावरून म्हातारं वानर ओरडायचं आणि सगळे पळायचे. एवढी साधी व्यवस्था होती.

ते वानर मेलं. नवा राखणदार नेमायचं ठरलं. त्यासाठी निवड मंडळ बसलं, अध्यक्ष रानगवा. तो नुकताच एका मोठ्या अभयारण्यात जाऊन आला होता. म्हणाला, "तिकडे ओरडून दाखव असं कुणी म्हणत नाही. प्रसंग विचारतात. पूर्वी कसे वागलात, त्यावरून पुढे कसे वागाल ते कळतं."

अर्ज दोनच. एक टिटवीचा, दुसरा खवलेमांजराचा. खवलेमांजर म्हणजे खवल्या. त्याला दिवसा दिसत नाही, ओरडता येत नाही, आणि जरा खुट्ट झालं की अंगाचं वेटोळं करून पडतो. पण त्याने भारद्वाज सरांचा क्लास लावला होता. भारद्वाजाचं नुसतं दर्शन शुभ म्हणतात, इथे तर शिकवणी होती! सरांनी बजावलं, "आधी प्रसंग, मग जबाबदारी, मग कृती, मग फलित. प्रसंग नसला तर दुसऱ्याचा घ्यायचा."

आधी टिटवी आत गेली.

"संकट आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" गव्याने विचारलं.

"ओरडले."

"यात तुमचं नेतृत्व कुठे दिसलं?"

"नेतृत्व नाही साहेब, बिबट्या दिसला."

"सहकाऱ्यांशी मतभेद झाले तर?"

"बिबट्या आल्यावर कसले डोंबलाचे मतभेद? सगळे पळतात!"

"तुमची उणीव?"

"मी सगळ्यांची झोपमोड करते."

मंडळाने एकमेकांकडे बघितलं. बिचारीचं तिथेच संपलं.

मग खवल्या आला. म्हणाला, "माझी उणीव अशी, की मी कामात फार जीव ओततो." मंडळ विरघळलं, पोरांनो, लोण्यासारखं! पुढे त्याने वणव्याचा प्रसंग सांगितला. परिस्थितीचं आकलन केलं, सर्वांना विश्वासात घेतलं, वगैरे वगैरे.

मागे एक हरिणी उभी होती. तिचं पाडस नुकतंच चालायला लागलं होतं आणि त्याला रोज याच पाण्यावर आणावं लागे. ती न राहवून ओरडली, "अहो, त्या वणव्यात हा बिळात होता! याला नेमलंत तर माझ्या लेकीचं काय?"

"बाई, उमेदवाराच्या उत्तरात ढवळाढवळ नको," गवा म्हणाला.

खवल्या नेमला गेला. शिवाय फतवा निघाला, की राखणदार असताना इतरांनी ओरडणं हा शिस्तभंग आहे. टिटवी नदीपलीकडे निघून गेली. जाईल नाही तर काय करील?

आणि मग एका दुपारी बिबट्या आला. खवल्याला चाहूल लागली. त्याने काय केलं असेल? शाबास. वेटोळं करून तो गवतात गपगार पडून राहिला. हरिणीचं पाडस पाणी पीत होतं. बिबट्या त्याला घेऊन गेला.

रडू नका, गोष्ट अजून आहे.

पुढच्या महिन्यात मुख्य राखणदाराची जागा निघाली. पुन्हा तेच मंडळ, पुन्हा तोच खवल्या.

"अपयशातून काय शिकलात?" गव्याने विचारलं.

खवल्याने मान खाली घातली. सरांनी इथे थांबायला सांगितलं होतं. मग म्हणाला, "पाणवठ्यावर आम्ही एक छोटा सदस्य गमावला. त्या घटनेने मला आतून घडवलं. आज मी अधिक परिपक्व आहे."

मंडळाचे डोळे पाणावले. गव्याने नाक पुसलं.

"मेल्या, सदस्य कसला? माझी लेक होती ती!" मागून हरिणी किंचाळली. "एकदा तरी ओरडायचंस!"

"बाई," गवा म्हणाला, "तुम्ही अर्ज केलाय का?"

तात्पर्य : संकट आलं की ओरडू नये, गप्प पडून राहावं. पुढच्या मुलाखतीत सांगायला ते लागतं. फक्त त्यात मरणारं लेकरू दुसऱ्याचं असावं, म्हणजे उत्तर देताना आवाज हवा तेवढाच कापतो.