मागच्या पाट्यांची मोहीम आणि थोरल्या बाईसाहेबांशी तह

सकळ जाणत्या वाचकांस विदित व्हावे जे, मुलूख कसा मिळाला आणि कसा गेला हे लिहिणारे आजवर बहुत जाहले. परंतु एका जुन्या पिवळ्या मोटारीचे मागले अंग किती उंच असावे, या एका गोष्टीपायी बुधवार ते शनिवार जे रण माजले, त्याची हकीकत कोणी लिहिली नाही. ती आम्ही यथास्थित लिहितो. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर शोभेपुरते.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणोन एक मातब्बर असामी होती. चाळीस वर्षे दवाखान्याची गादी चालवोन, हजारो किडक्या दाढा मुळासकट हद्दपार करोन, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी चिमटा खाली ठेविला आणि मग अवघा जीव मोटारीवर लाविला. मोटार साठ वर्षांची, दोन आसनांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. पुढून पाहावी तर ऐसी ऐट की बघणाऱ्याने रस्ता सोडावा. आणि मागून पाहावी तर दिवसभर उभे राहून पाय भरून आलेल्या माणसाप्रमाणे खाली बसलेली. कारण मागचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्या एकाखाली एक रचून केलेली ती कमान, जिच्यावर गाडीचे मागले अंग तोलले जाते, ती वयपरत्वे सपाट जाहली. आणि मग गाडी बसली, आणि मग सायलेन्सर रस्त्याशी सलगी करू लागला.

या सलगीपायी चार वर्षांमागे मोठा घात जाहला होता. डॉक्टरीणबाईंच्या थोरल्या बहीण, ताईसाहेब, शिवणकामात नामांकित; त्यांनी दीड महिना खपून एका नवरीचा पोशाख सिद्ध केला आणि तो मांडीवर घेऊन त्या शेजारच्या आसनी विराजमान जाहल्या. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. गाडी त्यावर चढली, उतरताना मागून आपटली, सायलेन्सर निखळला, गाडी आचका देऊन थांबली, आणि पोशाख उघड्या टपातून उडोन थेट डबक्यात जाऊन पडला. ताईसाहेब उतरल्या, पोशाख उचलला, आणि फक्त एवढे बोलल्या, "तुझ्या ह्या डबड्यात मी परत पाय ठेवणार नाही." त्याउपरी चार वर्षे येणेजाणे होते, जेवणेखाणे होते, फोनही रोजचा होता, मात्र त्या शेजारच्या आसनी ताईसाहेब बसल्या नाहीत.

ऐसियास बुधवारी सकाळी ताईसाहेबांचा फोन आला जे, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्या शेजारच्या गावी स्वतःचे दुकान काढीत आहेत, शनिवारी दहा वाजता दार उघडणार, आणि शिलाई मशीन व त्या खासा टॅक्सीने जातील. डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केले, फोन ठेविला, आणि बराच वेळ फोनाकडेच पाहात राहिल्या. आपल्या बहिणीने आयुष्यातले पहिले दुकान उघडावे आणि तेथे तिला परक्या टॅक्सीवाल्याने सोडावे, हे त्यांच्या काळजास लागले. मग त्यांनी यजमानांस जाहीर केले की ताईला आपण नेणार.

यजमान म्हणजे डॉक्टरीणबाईंचे पती, स्वभावे शांत, वजनाने बावन्न किलो, घरातल्या चहाच्या खात्याचे मुख्य कारभारी. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले.

"ती बसायची नाही."

"गाडी वर आली की बसेल."

"गाडीचं बघ. ताईचं माझ्याच्याने सांगवत नाही," म्हणोन यजमान चहा टाकावयास गेले.

मग मोहीम सुरू जाहली. गाडीखाली जॅक लाविला, मागले अंग दोन लोखंडी घोड्यांवर ठेविले, चाके काढिली, आणि डॉक्टरीणबाई जुने अंथरूण घालून गाडीखाली दाखल जाहल्या. पाट्यांचे बोल्ट साठ वर्षांच्या गंजाने ऐसे बसले होते की जणू हाडात रुतलेली अक्कलदाढच. त्यांवर तेल सोडिले, वाट पाहिली, पुन्हा सोडिले. जेथे नजर पोचेना तेथे दात पाहावयाचा छोटा आरसा घालून पाहिले. यजमान टॉर्च धरोन उभे होते. टॉर्च हलला की आतून हुकूम येई, आणि हुकुमाची भाषा येथे लिहिण्याजोगी नव्हे. तिन्हीसांजेस दोन्ही पाटे मुक्त जाहले, आणि बाईंचे हात कोपरापर्यंत काळे जाहले, आणि त्या फार दिवसांनी खुशीत दिसल्या.

गुरुवारी पाटे लोहाराकडे रवाना केले. हा लोहार ट्रकांच्या पाट्यांना कमान देण्यात वाकबगार. त्याच्या हातून ऐसा नाजूक माल क्वचित जाई. बाईंनी कागदावर कमान काढून दिली. त्याने कागद पाहिला, पाटा पाहिला, बाईंस पाहिले आणि विचारले, "किती माल भरता गाडीत?"

"माझी बहीण आणि एक शिलाई मशीन."

त्याने मान डोलाविली, भट्टी फुलविली, पट्टीमागून पट्टी लाल केली आणि घणाखाली ऐसी वाकविली की पाहणाऱ्याचे डोळे निवावे. संध्याकाळी काळेभोर, ताठ, तरणे पाटे घरी आले.

शुक्रवारी सकाळी बाईंनी स्वहस्ते ते चढविले, एकेक बोल्ट दात खाऊन आवळिला, चाके लाविली, जॅक सोडिला, आणि चार पावले मागे जाऊन पाहिले. पाहतात तो काय! पुढचे नाक जमिनीस, मागचे अंग आभाळास. बसलेली म्हैस उठू लागली म्हणजे आधी मागले पाय सरळ करते, त्या घटकेस कोणी तिला थांबवून धरावे, ऐशी गाडी उभी. बाई मागे डिकीवर बसून पाहत्या जाहल्या, गाडी ढळली नाही. यजमानांस बसविले, गाडीस कळलेही नाही.

"आधी बरी होती का गं?" यजमानांनी विचारिले.

 बाई पायरीवर बसल्या आणि हात पुशीत राहिल्या, आणि पुसून झालेले हातही पुशीत राहिल्या. शनिवारास एक दिवस उरला होता. अखेरीस अभिमान बाजूस ठेवोन त्यांनी जुन्या मिस्त्रींस बोलाविणे धाडिले.

मिस्त्री म्हणजे पन्नास वर्षे गाड्यांखाली काढलेला पुरुष. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारिली, खाली वाकले आणि एकच प्रश्न केला.

"बाई, हे बोल्ट गाडी हवेत असताना आवळलेत ना?"

"हो. मग कधी आवळायचे?"

"ती जमिनीवर, माणसांसकट असताना. पाट्याच्या टोकाला, बोल्टभोवती, रबरी बुश असतात, रबराच्या नळ्याच. तुम्ही पाटा लोंबत असताना ते करकचून धरलेत. आता गाडी खाली बसायला बघते आणि रबर तिला बसू देत नाही. दाताची कवळी तोंड उघडं ठेवून बसवता, की मिटवून बघता?"

हा वार वर्मी लागला. चाळीस वर्षे रोग्यांस 'आता चावून बघा' म्हणणाऱ्या बाईंनी मिस्त्रींपुढे हात जोडिले. तेव्हा मसलत ठरली की बोल्ट ढिले करावे, गाडी चाकांवर उभी करावी, उद्याचा सगळा भार आजच आत ठेवावा, आणि मग मिस्त्रींनी खाली शिरोन आवळावे. चालविणाऱ्या बाई हजर होत्या. शेजारच्या आसनाचा प्रश्न पडला. यजमान बसले, तर मिस्त्री म्हणाले, हे फार हलके.

ऐशा समयी फाटक वाजले आणि खासा ताईसाहेब आल्या, गळ्यात टेप, हातात पिशवी. टॅक्सी सकाळी आठला येणार हे सांगावयास आल्या होत्या. मिस्त्रींस वर्तमान ठाऊक नव्हते, म्हणोन त्यांनी भर दरबारात विचारिले,

"ताई, तुमचं वजन किती?"

यजमान चहाच्या निमित्ते आत पळाले. ताईसाहेबांनी गाडीकडे पाहिले, बहिणीच्या काळ्या हातांकडे पाहिले.

"वजन कशाला हवंय?"

"पाट्यांना," डॉक्टरीणबाई खाली पाहात बोलल्या. "उद्या तुला न्यायचं होतं मला. मशीनसकट. नाही आलीस तरी चालेल. आज फक्त अर्धा तास बस."

ताईसाहेबांनी पुष्कळ विचार केला, आणि मग तह जाहला. कलमे येणेप्रमाणे: गाडी तसूभर हलवू नये, इंजिन सुरू करू नये, दार उघडे असावे, आणि हे बसणे म्हणजे बसणे नव्हे. चारही कलमे मान्य जाहली. यजमान जाऊन ताईसाहेबांचे बिडाचे मशीन घेऊन आले, ते डिकीत ठेविले, आणि दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. गाडी हळूच खाली आली. मिस्त्री खाली शिरले आणि त्यांनी फर्माविले की कोणीही हलू नये.

चार वर्षांत प्रथमच दोघींस एकमेकींशेजारून उठून जाण्याची सोय उरली नाही. खाली पाना वाजत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या पोशाखाचे पैसे मी देणार होते."

"पैशाचं कोण बोलतंय? रात्रभर बसून धुतला, परत शिवला, नवरीला कळलंसुद्धा नाही."

"मग?"

ताईसाहेब समोरच्या काचेतून बाहेर पाहात बोलल्या, "तू उतरलीस आणि आधी खाली वाकून सायलेन्सर बघितलास. मी डबक्यात उभी होते. माझ्याकडे तू नंतर बघितलंस."

डॉक्टरीणबाईंस हे आजवर कळलेच नव्हते. त्या चार वर्षे समजत होत्या की भांडण पोशाखाचे. 

"चुकलंच माझं, ताई."

"चुकलंच."

आणि मग ताईसाहेबांनी पदराने बहिणीच्या गालावरचा ग्रीसचा डाग पुसला, तो पुसला न जाता कानापर्यंत पसरला, आणि दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता डॉक्टरीणबाईंचे डोळे वाहू लागले, आणि गाडी गदगदा हलू लागली.

"हलू नका हो!" खालून मिस्त्री ओरडले.

बोल्ट आवळून जाहले. मिस्त्री बाहेर आले, आणि सर्वांनी दुरून पाहिले. म्हैस नाहीशी जाहली होती, गाडी डौलदार उभी होती. मिस्त्री समाधान पावले, यजमान समाधान पावले. फक्त ताईसाहेबांनी डोळे बारीक केले.

"उजवी बाजू अर्धा इंच वर आहे."

"ताई, जमीन वाकडी असेल," मिस्त्री म्हणाले.

"पन्नास वर्षं घेर सारखे करतेय मी. जमीन सरळ आहे."

मग त्यांनी गळ्यातला टेप काढिला. मिस्त्रींनी मापाची रीत सांगितली जे, जमिनीपासून मोजू नये, चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत मोजावे. त्यापरी मोजिले. डावीकडे साडेचौदा इंच. उजवीकडे पंधरा. मिस्त्रींनी ताईसाहेबांस मुजऱ्यासारखे काही केले आणि वर्कशॉपातून अर्ध्या इंचाचा लोखंडी गुटका आणविला; तो उजवीकडे चाकांचा आस, ज्यास एक्सल म्हणतात, आणि त्याखालून जाणारा पाटा यांच्यामध्ये बसविला, म्हणजे तेवढीच ती बाजू खाली येते. पुन्हा बोल्ट ढिले केले, पुन्हा दोघी बसल्या, पुन्हा आवळिले. या खेपेस ताईसाहेबांनी दार स्वतः ओढून लाविले, आणि तहाचे एक कलम तेथेच गळाले.

शनिवारी आठ वाजता कोणतीही टॅक्सी आली नाही, कारण ताईसाहेबांनी रात्रीच फोन करोन ती रद्द केली होती. पिवळ्या गाडीची स्वारी निघाली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला. डॉक्टरीणबाईंनी वेग कमी केला आणि ताईसाहेबांनी दाराची कड घट्ट धरिली. पुढली चाके चढली, उतरली. मागली चढली, उतरली. पाटे दबले, उठले, आणि खालून काही म्हणता काही आवाज आला नाही. दोघींनी एकदमच श्वास सोडिला.

मोठ्या रस्त्यास लागल्यावर वारा सुरू जाहला. ताईसाहेबांनी केसांस रुमाल बांधिला, घड्याळ पाहिले आणि हुकूम केला, "तळ्याकडून घे."

"तिकडून लांब पडेल. दहाला उघडायचंय ना?"

"दुकान माझं आहे. मी आल्यावर उघडेल."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. उजवीकडे साडेचौदा, डावीकडे साडेचौदा. आपल्याकडील नुकसान: एक अंथरूण, एक टॉर्च. दुकान दहा वाजून पस्तीस मिनिटांनी उघडिले. दारात चार गिऱ्हाइके खोळंबली होती. ती आधी गाडीभोवती फिरली आणि मग आत गेली. हे सर्व घडले तैसे लिहिले.